युद्ध कोणाचे? फैजपूर, बेचाळीस आणि मराठी मार्क्सवादी

बऱ्हाणपूरचा इतिहास लिहावयास बसणाऱ्या कोणाही अभ्यासकास लढायांची यादी टाळता येत नाही. सातपुड्याच्या वाटेवर पहारा देणारा अशीरगड आणि तापीकाठचे हे शहर ज्याच्या हाती, त्याच्या हाती दक्षिणेची वाट, हे फारुकी सुलतानांपासून इंग्रजांपर्यंत सर्वांनी ओळखले होते. १६०१ मध्ये अकबराने गड घेतला. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजांनी बहादूरपुऱ्यासह शहराबाहेरील संपन्न पुरे लुटले. १८०३ च्या ऑक्टोबरात कर्नल स्टीव्हन्सनने शिंद्यांकडून आधी शहर आणि काही दिवसांतच गड घेतला. दुसरा बाजीराव १८१८ च्या जूनमध्ये मालकमच्या स्वाधीन झाला तोही अशीरगडाच्याच परिसरात. पेशवाईचा शेवट पुण्यात झाला असे आपण म्हणतो, पण त्याची शेवटची सही इकडची आहे.

१८०३ च्या त्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या छावणीत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नावाचा तेवीस वर्षांचा मुलकी अधिकारी होता. असई, अडगाव आणि गाविलगड ही तिन्ही रणे त्याने डोळ्यांनी पाहिली. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि निवृत्तीनंतर १८४१ साली त्याने हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला. हाच ग्रंथ कार्ल मार्क्सने आयुष्याच्या अखेरच्या पर्वात लंडनमध्ये बसून वाचला आणि त्यातून, तसेच रॉबर्ट स्यूएलच्या पुस्तकातून, सनावळीनुसार टिपणे काढली. हिंदुस्थानात कधीही पाऊल न टाकलेल्या या विचारवंताने खानदेश आणि दख्खनची माहिती मिळवली ती जिंकणाऱ्यांच्या लेखणीतून. मात्र त्या माहितीला त्याने विचारलेला प्रश्न जिंकणाऱ्यांचा नव्हता. कोणता सेनापती शूर आणि कोणता राजा न्यायी, यापेक्षा लढाईचा खर्च कोणाच्या सारावसुलीतून निघाला आणि तह झाल्यावर जमिनीवर हक्क कोणाचा राहिला, याचा हिशेब त्याला हवा होता.

हा हिशेब मार्क्सने फार पूर्वीच मांडावयास घेतला होता. मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला त्याच १८५३ साली न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' पत्रात त्याने इंग्रजी राजवटीवर लेख लिहिले. हातमागाचा नाश करणारी ही सत्ता नकळत नव्या उद्योगाची आणि म्हणून स्वतःच्या अंताचीही तयारी करीत आहे, असा त्यांचा आशय होता. बऱ्हाणपूरकरांना हे दोन्ही टोकांनी अनुभवास आले. जरीच्या आणि मलमलीच्या पेठांना उतरती कळा लागली, भुसावळ-खंडवा लोहमार्ग लालबागवरून गेला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तापी मिलचे धुराडे उभे राहिले. १८५७ चा उठाव चालू असता तो केवळ शिपायांचा दंगा आहे की राष्ट्रीय उठाव आहे, हा प्रश्न मार्क्सने उघडपणे घेतला आणि दुसऱ्या पर्यायाकडे कौल दिला. लष्करी बाजू एंगल्सने हाताळली. तात्या टोपे १८५८ मध्ये निमाडातून गेला, खंडव्याचा काही भाग जळाला, आणि उठाव मोडल्यावर उत्तरेकडील मोमीन विणकरांची कुटुंबे दक्षिणेकडे सरकत मालेगाव, धुळे, बऱ्हाणपूर येथे वसली. क्रांती फसली म्हणजे काय होते याचा हा पुरावा येथील गल्ल्यांतून मागाच्या आवाजाने दीर्घकाळ ऐकू येत राहिला.

मार्क्सवादी विचारात युद्धाला स्वतंत्र नीतिमूल्य नाही, ही गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज पुढील वाद उमगत नाही. प्रशियन सेनानी क्लाउझविट्झने युद्धाला राजकारणाचेच पुढचे पाऊल मानले होते. लेनिनने पहिल्या महायुद्धाच्या काळात स्वित्झर्लंडमध्ये त्याचा ग्रंथ बारकाईने अभ्यासला आणि त्या राजकारणाच्या जागी वर्गाचे राजकारण ठेवले. युद्ध न्याय्य की अन्याय्य, हे पहिली गोळी कोणी झाडली यावरून न ठरवता ते कोणता वर्ग कशासाठी लढतो यावरून ठरवावयाचे. १९१४ साली युरोपातील बहुतेक समाजवादी पक्ष आपापल्या सरकारांच्या मागे गेले आणि कामगारांची आंतरराष्ट्रीय संघटना एका उन्हाळ्यात कोसळली. लेनिनने उलट बाजू घेतली, सत्ता मिळताच पहिल्या दिवशी शांततेचा जाहीरनामा काढला, आणि त्यानंतर तीन वर्षे यादवी युद्धही लढले. शांततावादी आणि मार्क्सवादी एका सभेत बसू शकतात, एका ठरावावर सह्या करू शकतात. पण त्यांची वाट एका ठिकाणी फुटल्याशिवाय राहत नाही.

मराठी मुलखाशी या विचाराचा पहिला संबंध लेनिननेच जोडला. जुलै १९०८ मध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. परदेशात राहणाऱ्या लेनिनने त्याच वर्षी त्याची दखल घेतली आणि हिंदी कामगार राजकीय लढ्यास पक्व झाल्याचे त्यात पाहिले. टिळकभक्तांना हे फार उशिरा कळले. १९२१ मध्ये तरुण श्रीपाद अमृत डांगे यांनी 'गांधी विरुद्ध लेनिन' ही इंग्रजी पुस्तिका लिहिली, त्यानंतर कानपूर आणि मिरतचे खटले झाले, आणि मार्क्सवाद हा मराठी सुशिक्षितांच्या चर्चेचा व पोलिसांच्या चिंतेचा विषय बनला.

बऱ्हाणपूरपासून रावेर-सावद्याच्या वाटेने जेमतेम पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या फैजपुरात डिसेंबर १९३६ मध्ये जे घडले त्याकडे मात्र मार्क्सवादाच्या इतिहासकारांचे म्हणावे तेवढे लक्ष गेलेले नाही. खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन, नंदलाल बोस यांनी बांबूंतून उभारलेले टिळकनगर, धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे कष्ट, या गोष्टी खानदेशात घरोघरी सांगितल्या जातात आणि त्या सांगण्यासारख्याच आहेत. पण त्या मांडवाजवळच अखिल भारतीय किसान सभेचेही दुसरे अधिवेशन भरले होते. त्यासाठी पाचशेहून अधिक शेतकरी वि. म. भुस्कुटे आणि जे. बुखारी यांच्या नेतृत्वाखाली मनमाडहून पायी निघाले आणि वाटेतील गावांतून आपल्या परिषदेचे उद्देश समजावीत दोनशेहून अधिक मैल चालून फैजपुरास पोहोचले. त्यांच्या स्वागतास उभे राहिलेल्यांची नावे एका ओळीत वाचली तर आज आश्चर्य वाटते. जवाहरलाल नेहरू, शंकरराव देव, मानवेंद्रनाथ रॉय, आचार्य नरेंद्र देव, डांगे, मिनू मसानी, युसुफ मेहेरअली, बंकिम मुखर्जी. रॉय तर महिन्यापूर्वीच तुरुंगातून सुटले होते. लेनिनशी वसाहतींच्या प्रश्नावर वाद घातलेला आणि पुढे कॉमिन्टर्नमधून काढून टाकलेला हा माणूस, त्याला बहिष्कृत मानणाऱ्या पक्षाचे डांगे, आणि मार्क्सवाद मानूनही मॉस्कोपासून अंतर राखणारे काँग्रेस समाजवादी हे सारे त्या धुळीत एकत्र उभे होते.

त्यांना एकत्र ठेवणारे कारण मुख्यतः युद्ध होते. स्पेनमध्ये जुलैपासून यादवी चालू होती, अबिसीनिया इटलीने गिळला होता. नेहरूंच्या अध्यक्षीय भाषणात स्पेनला मोठी जागा होती. येऊ घातलेल्या साम्राज्यशाही युद्धात हिंदुस्थान सहभागी होणार नाही, असा इशारा काँग्रेसने फैजपुरात ठरावाने दिला, आणि शेतीविषयक कार्यक्रमही तेथेच मंजूर केला. युद्धाला विरोध आणि जमिनीचा प्रश्न हे दोन्ही एकाच मांडवात येणे हा डाव्यांच्या दृष्टीने मोठा विजय होता. यात एक गाठ मात्र सैल राहिली. फॅसिझमचा पराभव व्हावा आणि ब्रिटिश साम्राज्याचाही व्हावा, या दोन इच्छा तोपर्यंत एकमेकींच्या आड आलेल्या नव्हत्या. ब्रिटन आणि हिटलर परस्परांविरुद्ध उभे राहिले तर काय, या प्रश्नाचे उत्तर त्या ठरावात नव्हते, आणि त्या डिसेंबरात ते कोणी निकडीने मागितलेही नसावे.

तीन वर्षांनी ते मागितले गेले. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने कोणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे घोषित केले. २ ऑक्टोबर रोजी मुंबईच्या सुमारे ९० हजार कामगारांनी युद्धाच्या निषेधार्थ एक दिवसाचा संप केला. युद्धखोर सरकारविरुद्ध असा राजकीय संप त्या वेळी जगात अन्यत्र झाला नव्हता, हा कम्युनिस्टांचा अभिमान पोकळ नव्हता. 'ना एक पै, ना एक भाई' ही घोषणा गाजली. पुढच्या मार्चमध्ये महागाई भत्त्यासाठी गिरण्या बंद पडल्या, डांगे आणि त्यांचे सहकारी पकडले गेले, आणि अनेकांची रवानगी राजपुतान्यातील देवळीच्या स्थानबद्ध छावणीत झाली. खानदेशात साने गुरुजींनी १९३८ पासून अमळनेरहून चालवलेले 'काँग्रेस' साप्ताहिक, गिरणी कामगारांतील त्यांचे काम आणि युद्धविरोधी भाषणांबद्दल झालेली शिक्षा याच काळातील. गुरुजी मार्क्सवादी नव्हते. पण त्या वर्षांत गांधींचा युद्धनिषेध आणि कम्युनिस्टांचा युद्धनिषेध यांतील फरक खानदेशच्या सामान्य कार्यकर्त्यास जाणवत नव्हता. ऑक्टोबर १९४० मध्ये पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला तेव्हाही तो जाणवला नाही.

या सुरात पहिला बेसूर लावला रॉय यांनी. हे युद्ध फॅसिझमविरुद्धचे आहे, त्यात ब्रिटन जिंकला तरी साम्राज्य टिकवण्याइतके बळ त्याच्या अंगी उरणार नाही, म्हणून हिंदी क्रांतिकारकाने युद्धास विनाअट साह्य करावे, अशी त्यांची मांडणी होती. ही भूमिका त्यांनी हिटलरने रशियावर चढाई करण्यापूर्वी, १९४० मध्येच घेतली. काँग्रेस सोडून त्यांनी रॅडिकल डेमॉक्रॅटिक पक्ष काढला. महाराष्ट्रात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, वि. म. तारकुंडे, व. भ. कर्णिक अशी पहिल्या प्रतीची माणसे त्यांच्यामागे गेली. यांपैकी तर्कतीर्थ खानदेशच्या पिंपळनेरचे, वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले, गांधीजींच्या अस्पृश्यतानिवारणास शास्त्राधार पुरवणारे. त्यांनी सरकारच्या युद्धप्रयत्नास पाठिंबा द्यावा हे त्यांच्या स्नेह्यांना जड गेले. रॉय यांच्या कामगार संघटनेस सरकारकडून दरमहा १३ हजार रुपये मिळत असल्याचे उघड झाल्यावर तर त्यांच्या युक्तिवादाकडे कोणी लक्षच दिले नाही. युद्धानंतर पाचच वर्षांत नव्हे, दोनच वर्षांत ब्रिटिश निघून गेले. रॉय यांचे भाकीत खरे ठरले आणि त्यांचा पक्ष तोवर संपलेला होता. राजकारणात बरोबर असण्याचा असाही एक प्रकार असतो.

कम्युनिस्टांची कथा याहून गुंतागुंतीची आहे, आणि ती बहुधा सोपी करून सांगितली जाते. २२ जून १९४१ रोजी हिटलरने रशियावर हल्ला केला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईच्या कम्युनिस्टांना मॉस्कोहून तार आली, असे चित्र अनेक वर्षे रंगवले गेले. वस्तुस्थिती अशी की पक्षाला आपली भूमिका बदलण्यास सुमारे सहा महिने लागले. रशियाचे युद्ध न्याय्य, पण ब्रिटनचे साम्राज्यशाहीच, अशी दुहेरी भूमिका वर्षअखेरपर्यंत टिकली. देवळीच्या तारांमागे तीवर वाद झाला आणि तेथूनच युद्ध आता 'लोकयुद्ध' झाले आहे असे प्रतिपादणारा दस्तऐवज डिसेंबरमध्ये बाहेर पडला. हा वेळ काही त्यांना निर्दोष ठरवीत नाही, पण माणसे विचार करीत होती एवढे दाखवतो. १९४२ च्या वसंतात जपानने रंगून घेतले होते, एप्रिलमध्ये विशाखापट्टण आणि काकीनाडा येथे बाँब पडले होते. रशिया कोसळला आणि जपान बंगालमध्ये उतरला, तर कोणते स्वातंत्र्य आणि कोणती क्रांती, हा त्यांचा सवाल पोरकट नव्हता. फॅसिझमचा पराभव प्रथम, असे डॉ. आंबेडकरही म्हणत होते; ते त्या जुलैत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले, आणि महार रेजिमेंट आदल्याच वर्षी उभी राहिली होती. हिंदू महासभाही निराळ्या हेतूने सैन्यभरती सांगत होती. तेव्हा युद्धाच्या बाजूने बोलणारा तो देशाबाहेरचा, हे समीकरण मराठी समाजापुरते तरी टिकत नाही.

त्यांचा दोष अन्यत्र होता. जुलै १९४२ मध्ये पक्षावरील बंदी उठली, 'लोकयुद्ध' साप्ताहिक उघडपणे विकू लागले, आणि ८ ऑगस्टला गवालिया टँकवर 'छोडो भारत' ठरावाविरुद्ध मूठभर कम्युनिस्ट सभासदांनी हात वर केले. दुसऱ्या दिवसापासून देश पेटला. चिमूर-आष्टीसारख्या गावांत माणसे गोळीस बळी पडली. अशा वेळी 'उत्पादन वाढवा, संप टाळा' असे सांगणारा पक्ष जगाच्या नकाशावर बरोबर असला तरी गावाच्या नकाशावर एकटा पडतो. युद्धाचे वर्गस्वरूप ठरवताना लेनिनने ज्या एका गोष्टीवर भर दिला होता, म्हणजे प्रत्यक्ष जनता कोणाविरुद्ध उठली आहे, तिचीच नोंद या लेनिनवाद्यांच्या हिशेबातून गळली. बेचाळीसचे ओझे मराठी कम्युनिस्टांनी पुढे अनेक दशके वाहिले, प्रत्येक निवडणुकीत वाहिले. त्यांच्या बाजूने एवढे नमूद करणे न्यायाचे होईल की १९४३ च्या बंगाल दुष्काळात मदतीस धावलेल्यांत ते पुढे होते, आणि अण्णा भाऊ साठे यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा गिरणगावच्या चाळींतून खऱ्या आवेशाने गायला गेला. व्होल्गाकाठची लढाई वाटेगावच्या माणसाला आपली वाटली.

बेचाळीसच्या दुसऱ्या बाजूसही मार्क्सवाद होताच. अच्युतराव पटवर्धन, एस. एम. जोशी आदी समाजवादी भूमिगत झाले; इमामअली नाव घेऊन दाढी राखलेले एस. एम. पोलिसांच्या डोळ्यांदेखत हिंडत. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाने चाललेल्या प्रतिसरकारने न्यायदान केले, सावकारांना आवर घातला, आणि शस्त्रांसाठी पैसा लागला तेव्हा त्यांची नजर खानदेशाकडे वळली. एप्रिल १९४४ मध्ये धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. जी. डी. (बापू) लाड, नागनाथअण्णा नायकवडी हे साताऱ्याचे तरुण आणि खानदेशचे त्यांचे साथी यांनी मिळून ही कामगिरी केली. रक्कम साडेपाच लाखांच्या घरात होती. पुस्तकी मार्क्सवादाशी यांतील बहुतेकांचा संबंध बेताचाच असेल. पण सत्तेची जागा घेणारी शेतकऱ्यांची प्रतिसत्ता, ही गोष्ट ज्यांनी क्रांतीवर ग्रंथ वाचले होते त्यांच्यापेक्षा यांनीच अधिक काळ चालवून दाखवली.

युद्ध संपले आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या नौसैनिकांनी बंड केले तेव्हा कम्युनिस्ट पुन्हा रस्त्यावर आले. त्यांच्या हाकेवर २२ तारखेस गिरण्या ओस पडल्या आणि गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. त्यानंतर दोन वर्षांनी बी. टी. रणदिवे यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने तात्काळ क्रांतीची हाक दिली. ९ मार्च १९४९ चा रेल्वे संप हा तिचा मुख्य आधार होता आणि तो फसला. भुसावळ-खंडवा मार्गावरून त्या दिवशीही गाड्या धावल्या.

क्रांतीचा हा उतारा संपताच शांततेची चळवळ पुढे आली. १९५० चे स्टॉकहोम आवाहन अणुबाँबवर बंदी मागत होते आणि त्यावर गावोगाव सह्या घेतल्या गेल्या. मराठी माणसांत या चळवळीचा खरा भाष्यकार लाभला तो दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या रूपाने. गोव्यात जन्मलेले हे गणिती जागतिक शांतता परिषदेचे सभासद होते, आणि साम्राज्यशाही व शांतता यांवरील १९५१ च्या आपल्या निबंधात त्यांनी भूक आणि शस्त्रे यांचा संबंध निर्भीडपणे मांडला. अणुशक्तीऐवजी सौरशक्तीचा आग्रह त्यांनी सरकारला न रुचणाऱ्या भाषेत धरला. कोसंबींचे वडील धर्मानंद हे बौद्ध विद्येचे पंडित. १९२९ च्या सुमारास लेनिनग्राडला जाऊन आलेले, समाजवादाविषयी आस्था असलेले, पण अहिंसेवरील श्रद्धा न सोडलेले. १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवला. पित्याची शांतता तृष्णेच्या क्षयातून येणारी, पुत्राची शांतता वर्गसंबंध बदलल्यावर येणारी. एकाच घरात झालेला हा संवाद कोणी शब्दबद्ध केला असता तर मराठीत या विषयावर त्याहून मोलाचे पुस्तक झाले नसते.

१९५६ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात क्रुश्चेव्हने जाहीर केले की महायुद्ध आता अटळ राहिलेले नाही आणि समाजवादाकडे शांततेच्या मार्गानेही जाता येईल. लेनिनच्या सिद्धांतात एवढा मोठा बदल पक्षाच्या व्यासपीठावरून पूर्वी कोणी केला नव्हता. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २६ एप्रिल रोजी, फैजपूरचे अध्यक्ष पंतप्रधान म्हणून पुन्हा तापीच्या खोऱ्याजवळ आले. नेपानगरचा कागद कारखाना त्यांनी राष्ट्रास अर्पण केला. युद्धकाळातील कागदटंचाई ज्या संपादकांनी सोसली होती त्यांना देशातच वृत्तपत्रांचा कागद तयार होणे म्हणजे काय ते सांगावे लागत नव्हते.

पुढच्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यातून नाना पाटील निवडून आले ते कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर. ज्या आंदोलनाला पक्षाने विरोध केला होता त्याचाच सर्वांत मोठा मराठी नायक पक्षाचा खासदार झाला, आणि १९६७ मध्ये बीडमधून पुन्हा झाला. तर्कतीर्थ तोपर्यंत मराठी विश्वकोशाच्या कामास लागले होते. आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने सीमा ओलांडली तेव्हा तोच जुना प्रश्न पक्षापुढे नव्याने उभा राहिला, फक्त या वेळी दोन्ही बाजूंस लाल निशाण होते. डांगे नेहरूंच्या सरकारमागे उभे राहिले, रणदिवे आणि त्यांचे सहकारी विरुद्ध बाजूस गेले, १९६४ मध्ये पक्ष दुभंगला. नेपानगरच्या कागदावर त्या बातम्या छापल्या जात असता फैजपुरात त्या मोर्चाच्या स्वागतास उभे असलेल्यांपैकी नेहरू, रॉय आणि मेहेरअली हे तिघे हयात नव्हते.